तोरणाचं धान

रेवा, ओजस,

दिवाळीच्या आधी रेवानं फोनवर विचारलं होतं, "आजी, यंदा ते भाताचं तोरण कोण लावणार?" मी "बघू" म्हणाले आणि शाळेचं विचारायला लागले. नंतर ओजसनं तुमच्या आईला सांगितलं म्हणे, की आजी रागावली. मी रागावले नव्हते. मी थकले होते आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आता थोडंफार आहे, म्हणून लिहायला बसले.

तुमची बपेऱ्याची आजी जाऊन अजून फार दिवस झालेले नाहीत. तिचा चष्मा माझ्याच खिडकीत आहे. पोळ्याला आली होती तेव्हा विसरली, पुढच्या खेपेला नेईन म्हणाली, आणि पुढची खेप झालीच नाही.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. आयुष्यभर मी भंडाऱ्याच्या कॉलेजात इंग्रजीच शिकवलं. पण मला जिच्याशी बोलायचं आहे तिला इंग्रजी येत नव्हतं, आणि तिच्या डोक्यावरून बोलणं आता मला जमणार नाही. आईकडून वाचून घ्या. जिथे तिची बोली येईल तिथे मात्र बाबांना बोलवा. ती त्यांच्या घरची बोली आहे, तुमच्या आईच्या तोंडी ती नीट बसत नाही.

इथून पुढे मी तिच्याशी बोलते आहे. तुम्ही बसून ऐका.

विहीणबाई,

चहा ठेवला होता. दोन कप ठेवले गेले. एक ओतून दिला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "फेकला कायले? मले द्याचा होता."

लोकांना आपल्या दोघींचं नवल वाटायचं. मुलीची आई आणि मुलाची आई. त्यांनी एकमेकींकडे लग्नकार्यापुरतं जावं, साडी द्यावी, साडी घ्यावी आणि मागून नावं ठेवावीत, अशी रीत. लग्नात तुमच्याकडच्या बायका तुम्हाला कोपरानं ढोसत होत्या, "रुस ना वो, वरमाय हायेस!" आणि तुम्ही भरल्या तोंडानं म्हणालात, "कशाले रुसू? भाजी त चांगली झाली." मी वाढायला उभी होते. मला हसू आवरेना आणि माझ्या नणंदेनं मला डोळे वटारून दाखवले. आपली ओळख तिथे झाली. सोयरीक आधीच ठरली होती.

मग मुलं दूर ऑस्ट्रेलियाला गेली, तुमच्या घरची आणि माझ्या घरची माणसं एकेक करून कमी झाली, आणि बपेऱ्यात फोनला नदीपलीकडच्या मध्य प्रदेशाचा टॉवर लागायचा, तोही मनात आलं तर. म्हणून दिवाळीत तुम्ही माझ्याकडे यायला लागलात. नातवंडं दिसावीत म्हणून. बपेऱ्याहून तुमसर, तुमसरहून भंडारा, मांडीवर कापडात गुंडाळलेला धानाचा भारा. एसटीत सगळ्यांच्या नाकात कुसळं.

पहिल्या वर्षी तुम्ही माझी बैठक पाहिलीत ते आठवतं. मी वर्षभर लग्नपत्रिका साठवते. जाड कागदाच्या पत्रिकांचे आकाशकंदील, गणपती कापून त्यांच्या माळा, जुन्या साड्यांच्या काठांची दारावरची झालर, फुटक्या बांगड्यांच्या पणत्यांच्या बैठका. विकत काही आणायचं नाही आणि टाकायचंही काही नाही, हा माझा नियम. दिवाळी झाली की सगळं पुसून, कागदात गुंडाळून डब्यात, आणि डब्यावर चिठ्ठी. तुम्ही कमरेवर हात ठेवून त्या डब्यांसमोर उभ्या राहिलात.

"अवो इहीनबाई, हे दिवारी हाय का किराना दुकान? डब्ब्याडब्ब्यावर चिठ्ठ्या!"

"शोधायला सोपं पडतं."

"उद्या मी तुमच्या घरी मेली त मले बी डब्ब्यात भरान अन् वरून चिठ्ठी लावान."

"काय लिहू मग चिठ्ठीवर?"

"लिवा ना, इहीनबाई, बपेरा. जुनी हाय, पन चालते."

तुमचाही नियम तोच होता, विकत काही आणायचं नाही. फक्त ठेवायचंही काही नाही. तुमचं तोरण दरवर्षी नवं. उंच धानाच्या हिरव्यापिवळ्या काड्या, लोंबीसकट, वेणीसारख्या गुंफत जायच्या, लोंब्या सगळ्या खाली लोंबत्या राहायच्या. तुम्ही गुंफायच्या आणि मी दुसरं टोक धरायची. "ताण धरा," म्हणायच्या. "ढिली नका सोडू, वेनी वाकडी होते." इतक्या दिवाळ्यांत माझ्या हाताला तेवढंच काम होतं. मी चांगला ताण धरायची, हे तुम्हीही कबूल केलं होतं.

आणि मग ते दारावर चढलं की चिमण्या यायच्या. भाऊबीज होईपर्यंत खाली नुसती टरफलं आणि वर नुसतं गवत. मला बघवायचं नाही. एवढी सुंदर वस्तू. मी म्हटलं होतं, विहीणबाई, एक तरी तोरण मला जाळीच्या आत लावू द्या. वर्षानुवर्षं टिकेल. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की जणू मी गाभण म्हैस कपाटात ठेवायला मागत होते.

"पाखरानं खाल्लं त तोरन झालं. नाई खाल्लं त नुसतं धान टांगलं."

यावर आपण दर दिवाळीला भांडलो. निकाल कधी लागला नाही. मी म्हणायची, तुमच्या हातची कला कोणाला दिसणार, दर वर्षी संपूनच जाते. तुम्ही म्हणायच्या, संपते म्हणून त पुढच्या साली कराव लागते, नाई त हात कायले हाय. मला ते तेव्हा उत्तर वाटायचं नाही, टोलवाटोलवी वाटायची.

आणि ते पार्सल. त्याचं भांडण तर कायमचंच राहिलं.

एका दिवाळीला तुमच्या मनानं घेतलं, की तोरण ऑस्ट्रेलियाला पाठवायचं. तिथेही चिमण्या असतीलच ना, तुम्ही विचारलंत. असतील, मी म्हटलं. तुम्ही तीन दिवस खपून गुंफलंत, मी खोक्यात बसवलं, लोंब्यांना मऊ कापडाचं अस्तर लावलं. कुरिअरच्या दुकानात फॉर्म भरायचा होता. आत काय आहे, या रकान्यात मी शुद्ध, नीटस इंग्रजीत लिहिलं, की धानाच्या लोंब्यांपासून हातानं बनवलेली शोभेची वस्तू, दाण्यांसह. मला तेव्हा स्वतःच्या वाक्याचा थोडा अभिमानही वाटला होता. पार्सल तिकडच्या विमानतळापर्यंत पोचलं आणि तिथेच संपलं. त्यांच्या देशात बाहेरचं बी येऊ देत नाहीत. त्यांनी कळवलं की वस्तू नष्ट केली आहे. त्यांचा नियम बरोबरच आहे.

मी तुम्हाला मराठीत सांगितलं तेव्हा तुम्ही आधी चष्मा पुसलात. मग म्हणालात, "जाऽरलं का?"

"बहुतेक जाळलंच असेल."

"कोन्या पाखराले नाई भेटलं?"

"नाही."

"तुमच्या इंग्रजीनं अडवलं माह्यं तोरन."

"मग काय खोटं लिहायचं होतं मी?"

"खोटं कोन म्हंते? शो पीस लिवाचं. शोभेलेच त होतं. दाने हायेत म्हून कायले सांगाव लागते? तुमाले त सबन सांगाची सवय."

मी आजही सांगते, विहीणबाई, मी बरोबर लिहिलं होतं. तुम्ही आज इथे असतात तरी हेच म्हटलं असतं. पण त्यानंतर तुम्ही कुठेही माझ्याबरोबर गेलात, बँकेत, दवाखान्यात, आणि मी फॉर्म पुढे ओढला, की तुम्ही खालच्या आवाजात म्हणायच्या, "शो पीस लिवा जी." डॉक्टरांच्या समोरसुद्धा. मी हसू दाबून पेन धरायची. आता फॉर्म भरताना कोणी काही म्हणत नाही. तुम्ही गेल्यानंतरचे काही कागद तुमच्या प्रशांतनं माझ्यापुढे ठेवले होते. मी सगळं नीट भरलं. नातं या रकान्यापाशी हात थांबला. विहीण, असं लिहिलं. त्या कागदाला त्याचा काही उपयोग नव्हता, त्यांना मुलगा हवा होता. खोडून द्यावं लागलं.

पाडव्याला आपण नेम धरायचो, तेही मुलांना सांगायला हवं. मी नव्या वर्षासाठी वहीच्या पानावर मुद्दे काढायची. रोज चालणे, साखर कमी, कपाटाचा वरचा खण. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून पानाकडे बघायच्या.

"इतके नेम? अवो, एका दिवारीले एक नेम. दोन धरले का दोन्ही चुकते."

तुमचा एकच असायचा आणि बहुधा लागायचा. एका वर्षी दाताला तंबाखूची गुडाखू घासणं सोडलंत. गुडाखू सुटली आणि माझी बडीशेप संपायला लागली, पण सुटली. एका वर्षी व्हिडिओ कॉल शिकायचा धरलात. त्याआधी तुम्ही फोन कानालाच लावायच्या आणि तिकडे मुलांना आजी म्हणून नुसता एक कान दिसायचा. ओजस लहान होता, त्यानं त्या कानाचंच चित्र काढून पाठवलं, कुडीसकट. ते तुम्ही बपेऱ्यात भिंतीला भातानं चिकटवलंत. अजून आहे. मी पाहून आले.

मागच्या पाडव्याचा तुमचा नेम मात्र मला खटकला होता. "पोरं येतीन, अन् आपल्या हातानं तोरन बांधतीन. चिमन्या खाताना आपल्या डोऱ्यानं पायतीन."

मी म्हटलं, "नेम दुसऱ्याच्या भरवशावर धरू नये, विहीणबाई."

"मंग कोनाच्या भरवशावर धरू? माह्या गुडघ्याच्या?"

तिकिटं बघून झाली होती. मग शाळेचं आलं, रजेचं आलं. रेवा, ओजस, हे तुमच्यावर नाही. बाबांवरही नाही. घराघरात असंच असतं. ती कधी एका शब्दानं बोलली नाही आणि मीही विचारलं नाही, की तुम्हाला वाईट वाटतं का. विचारायला हवं होतं असंही नाही. आम्ही दोघी एकाच खिडकीत बसून एकाच फोनकडे बघत होतो. विचारायचं काय.

मग तुम्ही गेलात. ते दिवस मी लिहिणार नाही. मुलांना बाबांनी सांगितलं आहे.

दिवाळीच्या तोंडावर दिनेशचा फोन आला. (मुलांनो, तुमचा काका. शेती तोच बघतो.) तो मला मावशी म्हणतो, हे तुम्हीच लावून दिलेलं.

"मावशी, परवा हार्वेस्टर येऊन राहिला. आपला नंबर लागला." मग म्हणाला, "आईचा कोपरा हाय ना, त्याचं काय करू? म्हनलं तुमाले विचारतो."

तुमचा कोपरा मला माहीत होता. बाकीच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, दिनेशचं बुटकं, भरघोस पिकणारं धान. त्याच्या काड्या आखूड, वेणीत धरत नाहीत. म्हणून एका कोपऱ्यात तुम्ही जुनं उंच धान दर वर्षी वेगळं रोवायच्या. नुसतं तोरणासाठी. आणि त्यातल्याच मूठभर लोंब्या पुढच्या सालच्या बियाला. दुसऱ्या कोणाकडे ते धान आता राहिलेलं नाही. यंदाही पावसात चिखलात उतरून तुम्ही ते रोवलं होतंत, दिनेश नको म्हणत असताना. यंत्र कोपऱ्यावरून गेलं असतं तर काड्यांचा चुरा, दाणे बाकीच्या धानात. म्हणजे तोरणही गेलं आणि बीही गेलं.

मी म्हटलं, "मी येते."

"तुमी? या वयात?"

"टोक धरायला तरी येते."

मला जायचं नव्हतं, विहीणबाई. खरंच नव्हतं. हल्ली सकाळी उठून वेणी घालायचाही कंटाळा येतो. पण गेले. सकाळी दव होतं, बांधीच्या धुऱ्यावरून, त्या मातीच्या बांधावरून, मी तुमच्या चपलांच्या जागी चपला ठेवत चालले असेन, म्हणजे असं मनात आलं. कोपऱ्यातलं अर्धं धान वाऱ्यानं लोळलं होतं. मी पिशवीतून विळा काढला, तर दिनेशनं तो हातातून घेतला.

"मावशी, बोट कापून घ्यान, मंग मलेच भंडाऱ्याले पोचवा लागीन."

तो खाली बसून कापायला लागला. मी मुठी धरत गेले. "पडलेलं पिकलं हाय, ते बियाले घ्या," म्हणाला. "उभं हाय ते तोरनाले. अन् पार खालून कापा लागते, नाई त आई बोंबलते."

बोंबलते, म्हणाला. त्याच्या लक्षात आलं नाही. मी दुरुस्त केलं नाही. मी, जिनं आयुष्यभर काळ दुरुस्त केले.

यंत्र आलं तेव्हा कोपरा रिकामा होता. यंत्रावरच्या माणसानं विचारलं, "एवढंसं हातानं कायले कापलं?" दिनेश म्हणाला, "शो पीस हाय." म्हणजे ती गोष्ट तुम्ही गावभर सांगितली होती तर.

परतीच्या एसटीत कंडक्टर म्हणाला, "आजी, धान विकाले नेऊन राहिल्या का?"

"नाही, टांगायला."

त्यानं भाऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सामानाचं तिकीट फाडलं नाही.

तोरण मला जमलं नाही. हे सरळच सांगते. पहिल्या दोन काड्या बसतात, तिसरी घेताना पहिली सुटते. मोबाईलवर बघितलं. तिथल्या बायका तुमच्यापेक्षा भराभर करतात, पण त्यांची वेणी वेगळी आहे. आणि टोक धरायला कोणी नव्हतं. मी दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधलं. गज ताण धरतो, पण तो ऐकत नाही, कधी सोडायचं ते त्याला कळत नाही. दुपार गेली. बोटं सोलली. शेवटी माझ्या डब्यातली साडीच्या काठाची झालर काढली, तिच्यावर मूठमूठ लोंब्या गाठी मारून बांधल्या आणि तसंच दारावर चढवलं. खराट्यांची रांग दिसत होती.

पाडव्याला फोनवर दाखवलं. ओजस म्हणाला, "आजी, ते वाकडं आहे." रेवानं त्याला कोपरानं ढोसलं. बपेऱ्याच्या लग्नातल्या बायकांसारखंच ढोसलं. मी म्हटलं, हो, वाकडं आहे, कारण मला फक्त धरता येतं. मग प्रशांत पुढे आला आणि म्हणाला, "लोंब्या बरोबर खाली आल्या आहेत." आणि फोन मुलांकडे देऊन बाजूला झाला.

चढवल्यापासून दोन दिवस एकही चिमणी आली नव्हती. मी दाराकडे बघायचंच सोडलं. जाळी लावायची गरजच नव्हती, तुमचं भांडण मी फुकटात जिंकले होते. त्यात काही चव नव्हती.

भाऊबीजेला सकाळी पायरीवर टरफलं दिसली. झाडू घेऊन गेले, आणि झाडू तसाच हातात धरून उभी राहिले. वर दोघी होत्या. एक लोंबीला उलटी लटकून खात होती, दुसरी तिला हाकलत होती. आपल्यासारख्याच. मी आत येऊन बसले. टरफलं आज झाडलेली नाहीत. उद्याही बहुतेक राहतील.

यंदा मी पानावर मुद्दे काढले नाहीत. एकच नेम धरला आहे, आणि तोही दुसऱ्याच्या भरवशावर. पावसात दिनेश कोपरा मोकळा ठेवीन म्हणाला आहे. मी चिखलात उतरू शकणार नाही, धुऱ्यावर खुर्ची टाकून बसेन. पोरं येतील की नाही, ते मी नेमात धरलेलं नाही. आली तर टोक धरायला शिकवेन. ते मला येतं.

विहीणबाई, आयुष्यभर आपण एकमेकींना 'तुम्ही' म्हणत आलो. कधीतरी 'तू' म्हणावं असं माझ्या मनात यायचं, विशेषतः तुम्ही माझ्या पलंगावर आडव्या होऊन घोरायच्या तेव्हा. म्हटलं नाही. आता म्हटलं तर तुम्हाला ओळखूही येणार नाही, कोण हाक मारतंय ते. राहू द्या.

रेवा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तोरण यंदा मी लावलं. ते आता संपायला लागलं आहे. तिची वेणी कोणालाच येत नाही. ती गेली. लोळलेल्या धानातलं बी मी उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून, माझ्या कपाटातल्या डब्यात भरलं आहे. झाकण घट्ट आहे. वर चिठ्ठी लावली आहे. चिठ्ठीवर लिहिलं आहे: इहीनबाई, बपेरा. जुनं हाय, पन चालते.

डबा अर्धा भरला आहे. एका कोपऱ्याला तेवढं पुरतं.